पंधरा दिवसांचा फरक

सेमीफायनल संपायला अजून सहा मिनिटं होती आणि एकट्या प्राची घरतचे एकोणचाळीस पॉइंट झाले होते. समोरच्या अख्ख्या टीमचे मिळून चोवीस. पनवेलच्या त्या मैदानावर सकाळपासून रिकाम्या बाटल्या बडवून आपल्या मुलींना जोर देणारे पालक आता गप्प बसले होते. ऑक्टोबरचं ऊन कोर्टावर तापत होतं. प्राची रिंगखाली जाऊन हात वर करायची, बॉल तिच्या हातात यायचा, दोन मुली तिच्या दंडाला लोंबकळायच्या आणि तरीही ती वळून बॉल आत टाकायची. सोळा वर्षांखालच्या मुलींची जिल्हा स्पर्धा होती ही, आणि प्राचीची उंची होती सहा फूट एक इंच.

मिताली करंदीकरने तिला बाहेर बोलावलं.

"मिस, मला का काढलं?" टॉवेल न घेता प्राची तशीच बाकावर बसली.

"पुरे झालं आता. बाकीच्यांना खेळू दे."

"पण अजून वेळ आहे की."

मितालीने टॉवेल तिच्या खांद्यावर टाकला. ती खारघरच्या एका शाळेत खेळ शिकवायची. तीन वर्षांपूर्वी ओवे गावातून आलेली ही सातवीतली मुलगी बाकावर न चढता वर्गातला पंखा पुसताना तिला दिसली होती. तेव्हा प्राचीने बास्केटबॉल हातातसुद्धा धरला नव्हता. आता जिल्ह्यातल्या कुठल्याच शाळेकडे तिच्यावर उपाय नव्हता. मितालीला याचा अभिमान होता. आणि अलीकडे, मॅच चालू असताना, थोडी लाजही वाटायची. समोरच्या मुली हरत नव्हत्या, चिरडल्या जात होत्या.

एकाच मुलीने शेवटपर्यंत हार मानली नाही. समोरच्या टीमची कॅप्टन, अनुया वैद्य. पाच फूट तीन इंच. तिचा प्रत्येक शॉट प्राची हाताने परतवून लावत होती, तरी ती पुन्हा पुन्हा रिंगकडे धावत होती. प्राची बाहेर बसल्यावर अनुयाने लागोपाठ तीन बास्केट केल्या. तिच्या तोंडावर आनंद मात्र दिसेना. सोडून दिलेल्या जागेत केलेल्या बास्केट होत्या त्या, हे तिला कळत होतं.

मॅच संपली. पाच मिनिटांत अनुयाचे वडील कुमार वैद्य हातात कागद घेऊन तांत्रिक समितीच्या टेबलाशी उभे होते. समितीचे प्रमुख विश्वजीत राणे यांनी मितालीला बोलावून घेतलं.

"वयाबद्दल लेखी आक्षेप आलाय," राणे सर म्हणाले. "प्राचीचा जन्मदाखला ओरिजिनल हवा. उद्या सकाळी दहाला. फायनल चारला आहे, त्याच्या आत निकाल द्यावा लागेल."

"सर, फॉर्मबरोबर झेरॉक्स दिली आहे की."

"दिली आहेस. म्हणून तर ओरिजिनल मागतोय."

कुमार वैद्य बाजूला उभे होते. आवाज चढवणारा माणूस नव्हता तो. "मॅडम, राग मानू नका," ते म्हणाले. "नोंद जन्मानंतर दोन आठवड्यांनी झालीय असं कानावर आलं. तारीख अगदी सीमेवरची आहे. मुलीला उत्तर द्यायचंय मला. ती विचारते, बाबा, ती खरंच माझ्या वयाची आहे का?"

"आहे," मिताली म्हणाली. त्या क्षणी तिचा त्यावर पूर्ण विश्वास होता.

स्पर्धेचा नियम सोपा होता. एक जानेवारी दोन हजार नऊच्या आधी जन्मलेली मुलगी चालणार नाही. प्राचीच्या दाखल्यावर नऊ जानेवारी होती.

*

संध्याकाळी सहाच्या सुमारास मिताली स्कूटर घेऊन ओव्याला गेली. खारघरचे टॉवर मागे पडले, की रस्ता एकदम अरुंद होतो आणि दोन्ही बाजूंना तीन मजली घरं सुरू होतात. नव्या शहरासाठी जमिनी गेल्यावर बांधलेली. निकेश घरत, प्राचीचे वडील, रेती-खडी पुरवायचे. दारातच दोन डंपर उभे होते.

"या मॅडम, बसा." निकेशने प्लॅस्टिकच्या फाइलमधून दाखला काढून समोर ठेवला. "हा घ्या. शिक्का, सही, सगलं हाय. त्या वैद्याला म्हनावं, चष्मा लावून बग."

दाखला खरा होता. जन्मस्थळ चिरनेर, प्राचीच्या आईचं माहेर, तारीख नऊ जानेवारी. मितालीचा जीव भांड्यात पडला. प्राचीची आई सुमती चहा घेऊन आली. तिच्या मागून हौसाआजी आली. ठेंगणी, कपाळभर कुंकू, गुडघ्यांवर हात ठेवत खाली बसणारी.

"काय झालं गं? पोरीच्या वयाचं काय इचारतान?" आजीने विचारलं.

"काही नाही आजी. ती लोकं म्हणतात, मुलगी मोठी आहे."

"मोठी तर हायेच," आजी हसली. "उंटासारखी वाढलीय. पन वय मला इचारा ना. मी कशी इसरंन? मार्गेसरातला शेवटचा गुरुवार. माझं उद्यापन होतं. पाच सवाष्णी पानावर बसल्या होत्या, मी भात वाढत व्हते, न चिरनेरवरनं फोन आला. गाडी आलीच नाय म्हने, सून घरातच मोकली झाली. मी तशीच भाताची परात हातात घेऊन नाचले. लक्ष्मीच आली म्हटलं घरात!"

"आई, चहा गार होतोय," सुमती घाईने म्हणाली.

मितालीच्या हातातला कप जागीच राहिला. मार्गशीर्षातले गुरुवार तिची आईही करायची. मार्गशीर्ष डिसेंबरात येतो. तरी तिने मोबाइल काढला आणि मांडीआड धरून जुनं कॅलेंडर उघडलं. त्या वर्षीच्या मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार पंचवीस डिसेंबरला होता. दाखल्यावरचा नऊ जानेवारी हा शुक्रवार होता, आणि तेव्हा पौष निम्मा झाला होता.

प्राची जिन्यात बसून बुटाची लेस ओवत होती. "मिस, माझे दोन वाढदिवस असतात," ती आतूनच ओरडली. "गुरुवारचा घरातला, आजी ओवाळते. न नऊ जानेवारीचा शाळेतला, तेव्हा केक. रामूमामाने घोटाळा केला. तो नोंद करायला पंधरा दिवसांनी गेला आणि फॉर्मवर त्याच दिवसाची..."

ती तिथेच थांबली. लेस हातात धरून ती जिन्यातून बाहेर आली आणि मितालीकडे बघत राहिली.

"रामूचं ध्यान नव्हतं तवा," शेवटी निकेश म्हणाला. त्याने फाइल बंद केली. "तेला काय ठावं पुढं हे असं निघंल? मॅडम, कुनी मुद्दाम केलेलं नाय. शाळेत हीच तारीख, आधारवर हीच तारीख. सरकारच्या लेखी पोर नऊ जानेवारीची. आता आजी काय बोलली, ते घरातलं झालं."

"हो," मिताली म्हणाली.

हौसाआजी एकेकाच्या तोंडाकडे पाहत होती. आपण नेमकं काय बोललो, ते तिला कळलं नव्हतं. पण काहीतरी बोललो, एवढं कळलं होतं.

*

रात्रभर मितालीने स्वतःशी वाद घातला. पंधरा दिवस. पंधरा दिवसांत कुणाची उंची वाढते? प्राची पंचवीस डिसेंबरला जन्मली काय नि नऊ जानेवारीला काय, उद्या कोर्टावर तीच मुलगी उभी राहणार होती. कागद खरा होता. कागद मागितला होता, कागद द्यायचा. आजीला कोण विचारणार होतं?

आणि प्राची बाद झाली तर ती एकटी बाद होणार नव्हती. नियमाप्रमाणे तिने खेळलेल्या सगळ्या मॅच रद्द, म्हणजे टीम बाद. कॅप्टन रेवाचं या गटातलं हे शेवटचं वर्ष होतं. बाकीच्या मुली तीन वर्षं पहाटे साडेपाचला उठून येत होत्या.

सकाळी दहाला समितीच्या खोलीत ती दाखला घेऊन गेली, तेव्हा तिचं ठरलेलं होतं. टेबलाच्या पलीकडे राणे सर, अलीकडे कुमार वैद्य. निकेश भिंतीशी हाताची घडी घालून उभा. प्राची आणि टीम बाहेर व्हरांड्यात होत्या. काचेतून त्यांची डोकी दिसत होती, आणि प्राचीचं डोकं सगळ्यांच्या वर.

राणे सरांनी दाखला उजेडात धरून पाहिला, मोबाइलवर नोंदणी क्रमांक तपासला. "बरोबर आहे," ते म्हणाले. "दाखला खरा आहे. वैद्य, तुमचं काही म्हणणं?"

"दाखला खरा असेल तर नाही," कुमार म्हणाले.

निकेशने हातांची घडी सोडली.

"मग एवढीच औपचारिकता," राणे सरांनी एक छापील कागद मितालीपुढे सरकवला. "प्रशिक्षकाची सही. वाच आणि कर."

मितालीने वाचलं. 'उपरोक्त खेळाडूची जन्मतारीख माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे.' खाली तिचं नाव टाइप केलेलं होतं. तिने पेनाचं टोपण काढलं. आतापर्यंत तिला फक्त कागद पुढे करायचा होता. आता तिला स्वतःला काहीतरी म्हणायचं होतं.

माझ्या माहितीप्रमाणे.

तिने 'मि' लिहिला.

"मॅडम," कुमार वैद्य मध्येच म्हणाले. त्यांचा आवाज अवघडलेला होता. "मी काल उगाच शंका घेतली. घरी गेल्यावर अनुयासुद्धा म्हणाली, करंदीकर मिस तशा नाहीत. मागे एकदा रेफ्रीने आमच्याविरुद्ध चुकीचा पॉइंट दिला होता, तो तुम्ही स्वतः जाऊन परत करवला होता. त्यामुळे तुम्ही सही केलीत की माझ्या बाजूने विषय संपला. मी तिला तसंच सांगेन."

पेन 'मि'वर थांबलं. मितालीला वाटलं, या माणसाने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. भांडला असता तर सही सहज झाली असती.

"मिताली?" राणे सर म्हणाले.

तिने पेन खाली ठेवलं. "मला ही सही करता येणार नाही, सर."

"का?"

"माझ्या माहितीप्रमाणे तारीख वेगळी आहे. पंचवीस डिसेंबर."

"मॅडम!" निकेश भिंतीपासून पुढे झाला.

"फॉर्म भरताना घरच्यांकडून चूक झाली. पंधरा दिवसांनी नोंद केली, त्या दिवसाची तारीख पडली. फसवायचा कुणाचाही हेतू नव्हता, तेव्हा तर ती पाळण्यात होती. पण मला कालपासून माहीत आहे."

राणे सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. राज्य स्पर्धेसाठी जिल्ह्याच्या संघात ते ज्या पहिल्या मुलीचं नाव लिहिणार होते, ती हीच होती. "तू मला हे सांगायला नको होतंस," ते हळूच म्हणाले. "आता ऐकलं नाही असं मला म्हणता येत नाही."

*

व्हरांड्यात निकेशने मितालीला गाठलं. त्याचा चेहरा काळवंडला होता. "तुमाला घरात घेतलं, चहा पाजला, माझ्या आईचा शबूद तुमी तिच्याच नातीच्या गल्यावर फिरवला. पुना ओव्यात पाय ठेवू नका."

त्याच्या मागे प्राची उभी होती. ती रडत नव्हती. "मला एक सांगा मिस," ती म्हणाली. "अनुयाचा वाढदिवस संक्रांतीला असतो. चौदा जानेवारी. ती माझ्याहून वीस दिवसांनी लहान आहे. वीस दिवस! ती चालते न मी नाही?"

"रेघ कुठेतरी मारावी लागते, प्राची."

"तिला सकाळी वेगळा ट्रेनर आहे. सहा वर्षांची असल्यापासून ती ॲकॅडमीत जाते. तिच्या घरी डाएटचा चार्ट लावलाय, मी बघितलाय फोटोत. ते सगळं चालतं. त्याचा फॉर्म कुणी भरून घेत नाही. मी तीन वर्षांपूर्वी पहिल्यांदा बॉल धरला. माझे पंधरा दिवस तेवढे चालत नाहीत?"

रात्रभर मितालीनेही हाच हिशेब मांडला होता आणि तो कुठल्याच बाजूने जुळला नव्हता. "तू म्हणतेस ते चुकीचं नाही," ती म्हणाली. "पण मला त्या कागदावर खोटं लिहिता आलं नाही."

"तुमची सही स्वच्छ राहिली," प्राची म्हणाली. "आमची टीम गेली."

ती वडिलांमागे निघून गेली. व्हरांड्याच्या टोकाला रेवा नव्या जर्सीत भिंतीला पाठ लावून खाली बसली होती. मिताली तिच्याजवळ गेली, तेव्हा रेवाने मान दुसरीकडे फिरवली.

चार वाजता फायनल झाली. मितालीच्या टीमच्या जागी अनुयाची टीम खेळली आणि सहा पॉइंटांनी जिंकली. मिताली शेवटपर्यंत मैदानावर थांबली, कारण घरी जाऊन करायचं काय, हे तिला समजत नव्हतं. बक्षीस घेऊन अनुया तिच्यासमोरून गेली. क्षणभर थांबली. "मिस, आम्ही त्यांच्याशी हरलो होतो," एवढंच म्हणून ती पुढे गेली.

सोमवारी मुख्याध्यापकांनी मितालीला बोलावलं. शाळेच्या कागदपत्रांबद्दल बाहेर विधान करण्यापूर्वी शाळेला का विचारलं नाही, याचा लेखी खुलासा मागितला. तिने तो दिला. पहाटेच्या सरावाला त्या आठवड्यात आठपैकी तीनच मुली आल्या. प्राची शाळेत यायची, शेवटच्या बाकावर बसायची, आणि खेळाच्या तासाला डोकं दुखतंय म्हणून ग्रंथालयात जायची.

*

दोन आठवड्यांनी, रविवारी सकाळी, मितालीच्या फ्लॅटची बेल वाजली. दारात हौसाआजी होती. खारघरच्या चौदाव्या मजल्यावर ती पहिल्यांदाच आली असावी. लिफ्टमधून बाहेर पडल्यावर अजून भिंतीला धरून उभी होती.

"आजी! तुम्ही? एकट्या?"

"रिक्षानं आले. वॉचमनला म्हटलं, बॉलवाली बाई कुठं ऱ्हाते." ती आत येऊन खुर्चीत न बसता खालीच बसली. पाणी प्यायली. मग म्हणाली, "मीच घात केला ना गं पोरीचा?"

"नाही आजी. तुम्ही खरं सांगितलंत."

"मला काय ठावं, खऱ्याला तारीख लागते." आजीने पदराने तोंड पुसलं. "पोर जेवत नाय. बॉल माळ्यावर फेकलाय. बापाशी बोलत नाय, रामूशी तर नायच. तो बिचारा चिरनेरवरनं येऊन तिच्या पायाशी बसला, तरी नाय. बाई, तुमी काढलंत तिला. आता तुमीच घाला कुठंतरी."

मितालीने रिकामा पेला उचलून ठेवला. मग तिने विचारलं, "निकेशभाऊ पाठवतील?"

"तो माझा पोरगा हाय. तेचं मी बगते. तुमी जागा सांगा."

जागा होती. मिताली स्वतः रविवारी खारघरच्या महिलांच्या टीममधून खेळायची. नोकरीवाल्या, दोन मुलांच्या आया, एक दातांची डॉक्टर. पुढच्या शनिवारी पनवेलला महिलांची खुली स्पर्धा होती. खुली म्हणजे वयाची अट नाही. दाखला नाही, सही नाही. आणि त्यांच्याकडे उंच खेळाडू एकही नव्हती.

"पण आजी, तिथे बायका असतील. पंचवीस-तीस वर्षांच्या, तगड्या. तिथे तिला कुणी घाबरणार नाही. मार खाईल ती."

"खाऊ दे," आजी म्हणाली. "उपाशी ऱ्हाण्यापरीस बरं."

*

शनिवारी प्राची आली. वॉर्मअपला सगळ्यात शेवटी आली आणि मितालीपासून दूर उभी राहिली.

"मी आजीसाठी आलेय," ती म्हणाली. "तुमच्यासाठी नाही."

"चालेल. पाच नंबरची जर्सी घेऊ नकोस, सैल होते. अकरा घे."

पहिलीच मॅच मुंबईहून आलेल्या एका बँकेच्या टीमशी होती. त्यांच्या मधल्या खेळाडूची जर्सी पाच नंबरची. सहा फूट उंच, खांद्याने रुंद, तिशीची, केसांचा घट्ट अंबाडा. सुरुवातीची उडी प्राचीने मारली आणि बॉल आपल्याकडे ढकलला. नंतर सवयीप्रमाणे ती रिंगखाली गेली, हात वर केला, बॉल आला, ती वळली. पाच नंबर जागची हललीच नाही. प्राची तिच्यावर आदळली, बॉल हातातून निसटला आणि शिट्टी वाजली. फाउल प्राचीवर.

"मी काय केलं?" प्राची ओरडली.

"खेळ," मिताली म्हणाली.

दुसऱ्यांदा तिने शॉट मारला. वरून एक हात आला आणि बॉल प्रेक्षकांत गेला. प्राचीचा शॉट यापूर्वी कुणीही अडवला नव्हता. ती क्षणभर आपल्या हातांकडे बघत राहिली. तिसऱ्यांदा तिने उजवीकडून जायचा प्रयत्न केला, तर पाच नंबर आधीच तिथे होती. चौथ्यांदाही तिथेच. पहिला क्वार्टर संपला तेव्हा प्राचीच्या नावावर दोन पॉइंट आणि दोन फाउल होते, आणि कोपर सोलवटून निघालं होतं.

बाकावर ती घामाने निथळत बसली. इतका घाम तिला सोळाखालच्या अख्ख्या स्पर्धेत आला नव्हता. मितालीने पाण्याची बाटली पुढे केली. प्राचीने ती घेतली, पण पाहिलं दुसरीकडे. डॉक्टरबाई तिच्या कोपरावर पट्टी लावत होत्या.

"तिला आधीच कसं कळतं मी कुठून जाणार ते?" प्राचीने विचारलं. कुणाला विचारलं ते स्पष्ट नव्हतं.

"तू दर वेळी उजवीकडूनच जातेस," मिताली म्हणाली.

"मग तुम्ही कधी सांगितलं का नाही?"

"सांगितलं होतं. दोन वर्षं सांगतेय. तुला कधी गरज पडली नाही."

प्राचीने बाटली खाली ठेवली. दुसऱ्या क्वार्टरला ती डावीकडून गेली. डाव्या हाताने मारलेला बॉल रिंगला न शिवता मागच्या फळीवरून भलतीकडेच उडाला. कुणीतरी हसलं. ती पुन्हा डावीकडून गेली. पुन्हा चुकला. तिसऱ्या वेळी पाच नंबरने डावी बाजूही बंद केली, तेव्हा प्राची हवेतच थांबली. कोर्टाच्या उजव्या कोपऱ्यात मिताली मोकळी उभी होती. प्राचीला ती दिसली. तिने नाक मुरडलं, हे मितालीला वीस फुटांवरून कळलं. मग बॉल सरळ तिच्या छातीवर येऊन आदळला. मितालीने मारला. आत गेला.

"असाच!" डॉक्टरबाई ओरडल्या.

चौथ्या क्वार्टरला, तीन मिनिटं उरलेली असताना, प्राचीचा पाचवा फाउल झाला आणि नियमाप्रमाणे तिला बाहेर जावं लागलं. तिचे नऊ पॉइंट होते. तिची टीम अकरा पॉइंटांनी हरली. मॅच संपल्यावर पाच नंबर स्वतः चालत आली, प्राचीला वरपासून खालपर्यंत पाहून म्हणाली, "कितवीत आहेस?"

"दहावीत."

"बाप रे!" ती बाई हसली, आणि सहखेळाडूंना सांगायला गेली.

मिताली बॅग भरत होती. मैदानाच्या जाळीबाहेर तिला निकेश दिसला. मोटरसायकलवर बसलेला, हेल्मेट हातात. कधी आला होता कोण जाणे. मितालीने मान हलवली. त्याने पाहिलं, पण मान हलवली नाही. प्राची जाळीपाशी गेली, तेव्हा मिताली त्यांच्यापासून चार पावलांवर होती.

"ती पाच नंबरवाली तुला धरत व्हती," निकेश तावातावाने म्हणाला. "सारखी. कमरेला हात लावून. पंचाला दिसत नाय काय? आपन तक्रार देऊ."

"दिसलं होतं त्याला," प्राची म्हणाली.

"मग?"

"मी पण धरलं होतं तिला, पप्पा. दोनदा. ते पण त्याने सोडलं."

निकेशने हेल्मेट तिच्याकडे दिलं. प्राचीने ते घातलं, मग काहीतरी आठवून काढलं आणि मागे वळली.

"मिस, डावा हात," ती म्हणाली. चेहऱ्यावर अजून राग होताच. "तो किती दिवसांत येतो?"

"दिवसांत नाही येत. वर्ष लागेल."

"रेवा येते का सकाळी?"

"नाही. तिला तू बोलव. माझं ती ऐकणार नाही."

प्राचीने थोडा विचार केला. "माझं पण नाही ऐकणार," ती म्हणाली. "पण बघते." तिने पट्टी लावलेलं कोपर सांभाळत हेल्मेट पुन्हा डोक्यात घातलं, आणि मोटरसायकल ओव्याच्या दिशेने निघून गेली.